प्रबंध पूर्ण, तरी शेरा तोच: ‘यात तुमचं म्हणणं काय?’

बिघाड असा आहे. विषय मंजूर झाला, ग्रंथालयातून पुस्तकं आणली, प्रश्नावली भरून घेतली, साठ पानं टाइप झाली, स्पायरल बायंडिंगचे पैसेही बाजूला काढून ठेवले. फाइल गाईडकडे जाते आणि आठवड्याने परत येते. समासात लाल शाईने लिहिलेलं असतं: ‘माहिती भरपूर आहे. तुमचं म्हणणं काय?’ विद्यार्थी घाबरून आणखी दोन पुस्तकं चाळतो, दहा पानं वाढवतो, दोन पाय चार्ट घालतो. फाइल पुन्हा परत. शेरा तोच, फक्त शाईचा जोर वाढलेला.

रत्नागिरी जिल्ह्यात एम.ए.चे प्रकल्प आणि लघुप्रबंध तपासणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. त्यामुळे हा शेरा लिहिणारेही भेटतात आणि तो वाचून रडवेले झालेलेही. हा भाषेचा दोष नाही, आणि मेहनतीचा तर नाहीच नाही. ज्यांच्या फायली परत येतात त्यातली निम्मी मुलं वर्गातली सगळ्यात कष्टाळू असतात. पानं वाढवून हा दोष जात नाही. जितकी माहिती वाढते तितकं म्हणणं खाली दबत जातं. दोष शिरलेला असतो विषय ठरला त्याच दिवशी, आणि आपण शोधत बसतो शेवटच्या प्रकरणात.

आधी बिघाड हाच आहे का ते बघा

निष्कर्षाच्या प्रकरणातलं सगळ्यात ठळक वाक्य काढा आणि ते उलटं करून वाचा. ‘पर्यटनामुळे कोकणच्या विकासाला चालना मिळते, मात्र पर्यावरणाचे संतुलन राखणे गरजेचे आहे.’ उलटं केलं तर? ‘पर्यावरणाचे संतुलन बिघडले तरी चालेल.’ असं कोणी म्हणतं का? ग्रामसभेत उठून कोणी म्हणेल का? जे वाक्य उलटं केल्यावर बोलणारा माणूसच सापडत नाही, ते वाक्य खरं असेल, पण ते तुमचं म्हणणं नाही. ते सगळ्यांचंच आहे.

मग प्रकरणांची अदलाबदल करून बघा. तिसरं प्रकरण दुसऱ्याच्या जागी टाकलं आणि कोणाला काही कळलंच नाही, तर तुमच्या प्रकरणांना एकमेकांची गरज नाही. म्हणणं असलेल्या लेखनात हे जमत नाही. तिथे दुसरं प्रकरण एक अडचण उभी करतं आणि तिसरं तिला उत्तर देतं.

एवढ्यात कळतं. तरी शंका राहिली तर घरी कोणाला तरी सांगून बघा. ‘कशावर लिहितेस?’ याला उत्तर सगळ्यांकडे असतं. ‘मग काय सापडलं?’ याला जे गप्प होतात, त्यांनी पुढचं वाचावं.

दोष शिरतो कुठून

मंजूर विषयांची यादी कोणत्याही महाविद्यालयात सूचनाफलकावर लागते, ती जरा उभं राहून वाचा. ‘हापूस आंबा उत्पादन: स्वरूप, समस्या आणि उपाय’. ‘सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पर्यटन: एक अभ्यास’. ‘कोकण रेल्वे आणि कोकणचा विकास: एक चिकित्सक अभ्यास’. ‘चिकित्सक’ हा शब्द शोभेचा. या शीर्षकांत विषय आहे, पण प्रश्न नाही. प्रश्न नसला की काय वाचायचं आणि काय सोडायचं हे ठरत नाही, मग हाताला लागेल ते सगळं आत येतं. हापूसच्या प्रबंधात आंब्याचा पौराणिक उल्लेख येतो, पोर्तुगीज येतात, पोषणमूल्यांचा तक्ता येतो, २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन येतं, फळमाशी येते. सगळं खरं आणि सगळं सुटं.

शीर्षकाखालोखाल गुन्हेगार म्हणजे ‘गृहीतके’ हे पान. आराखड्यात ते भरावंच लागतं, म्हणून पहिल्या दिवशी भरलं जातं: ‘गृहीतक १: कोकणात पर्यटनाला भरपूर वाव आहे.’ आणि साठाव्या पानावर, ‘गृहीतक १ सिद्ध झाले.’ होणारच होतं ते. जे खोटं ठरण्याची शक्यताच नव्हती, त्याला गृहीतक म्हणून काय उपयोग?

आणि प्रश्नावली. प्रश्न ठरायच्या आधीच गूगल फॉर्म तयार होतो, आपल्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो, पन्नास मैत्रिणी आणि नातेवाईक तो भरतात. ‘पर्यटनामुळे रोजगार वाढला असे आपणास वाटते का? होय / नाही / सांगता येत नाही.’ बहुतेक जण ‘होय’ म्हणतात. त्यावरून एवढंच कळतं की बहुतेकांना तसं वाटतं. रोजगार वाढला की नाही, ते कळत नाही. प्रश्नावलीवर माझा राग नाही, पण ती तिसऱ्या महिन्यात यायची गोष्ट आहे, पहिल्या आठवड्यात नव्हे.

दुरुस्ती: जिथे दोन गोष्टी जुळत नाहीत तिथे थांबा

म्हणणं कुठून येतं, असं मुलं विचारतात. त्यांना वाटतं की खूप वाचलं की ते आपोआप सुचतं. तसं होत नाही. हाताशी असलेल्या माहितीत दोन गोष्टी एकमेकींशी भांडत असतात, ते भांडण दिसलं की प्रश्न मिळतो. प्रश्नाचं जे उत्तर तुम्ही पुराव्यानिशी द्यायला तयार आहात, ते तुमचं म्हणणं.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. वरच्या यादीतलाच विषय घेऊ, कोकण रेल्वेचा. दर दोन-तीन वर्षांनी कोणी ना कोणी तो घेतंच.

पहिल्या मसुद्यातलं वाक्य ठरलेलं: ‘कोकण रेल्वेमुळे कोकणच्या विकासाला गती मिळाली.’ उलटं करून बघा. रेल्वेने विकास रोखला असं म्हणणारं कोणी सापडणार नाही. म्हणजे हे वाक्य बाद. पण त्याच्या पोटात एक जुनी आशा दडलेली आहे, ती कामाची आहे. रेल्वे आली की धंदे येतील, धंदे आले की मुंबईला जाणं थांबेल, असं आपल्याकडे लोक बोलत आले. म्हणजे आता एक तपासता येण्याजोगी गोष्ट मिळाली: रेल्वे आल्यावर जाणं थांबलं का?

रोह्यापासून दक्षिणेला जाणारा पूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये खुला झाला. त्यानंतरच्या दोन जनगणना आपल्याकडे आहेत, २००१ आणि २०११. २०२१ची झालीच नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. सिंधुदुर्गची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. रेल्वेनंतरच्या पहिल्या पूर्ण दशकात दोन्ही जिल्ह्यांत माणसं कमी झाली. आदल्या दशकात रत्नागिरीची लोकसंख्या वाढली होती, हेही लक्षात घ्या.

इथे भांडण दिसलं. रेल्वे आली आणि माणसं घटली.

बहुतेक जण इथेच उडी मारतात: ‘रेल्वेमुळे स्थलांतर वाढले.’ थांबा. लोकसंख्या घटायला जन्म कमी होणं हेही कारण पुरतं. शिवाय रेल्वेनंतर घडलेलं सगळं रेल्वेने घडवलं असं होत नाही. म्हणून त्याच जनगणनेतला दुसरा आकडा बघा. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे २००१ मध्ये ११३६ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये ११२२. सिंधुदुर्गात १०७९ वरून १०३६. आपल्याकडे स्त्रिया जास्त का, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. घो मुंबईला, बायको गावात. गिरणीत लागलेला माणूस गावकीच्या, म्हणजे गावच्या लोकांनी मिळून मुंबईत घेतलेल्या, खोलीत राहायचा, खानावळीत जेवायचा, आणि पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा. पुरुष एकटा जात राहिला की हा आकडा चढा राहतो. मग तो उतरतोय कशामुळे?

आता दुसरं भांडण मिळालं, आणि ते पहिल्यापेक्षा चांगलं आहे. एकूण माणसं घटली, म्हणजे जाणं चालूच आहे असं दिसतं. पण स्त्रियांचं प्रमाणही घटलं. पुरुष परत आले म्हणावं तर एकूण आकडा का घटला? मग बायकाही निघाल्या असतील. म्हणजे एकटा चाकरमानी जाण्याऐवजी अख्खं बिऱ्हाड हलू लागलं असेल.

हे पहिलं खरंखुरं विधान: ‘कोकण रेल्वेनंतरच्या दशकात रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईकडे जाणं थांबलं नाही, त्याचं रूप बदललं, एकट्या पुरुषाच्या जागी कुटुंब जाऊ लागलं.’ उलटं करून बघा. ‘रूप बदललं नाही, आजही पुरुषच एकटे जातात’ असं म्हणणारी शहाणी माणसं तुम्हाला गावात भेटतील आणि त्यांच्याशी वाद घालता येईल. चाचणीत पास.

पण लगेच टाइप करायला बसू नका. आता आपणच आपल्या विधानावर उठायचं असतं, आणि ही पायरी जवळपास सगळे गाळतात. त्यात आळस असतो आणि भीतीही. इतक्या मुश्किलीने सापडलेलं वाक्य मोडायचं कशाला? मोडायचं ते अशासाठी, की आपण मोडलं नाही तर तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक मोडतात, तेही दोन मिनिटांत.

तर या विधानावर कोण काय म्हणेल? एक म्हणेल, आंब्याच्या बागांत राखणीला आणि बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी माणसं आली, ती बहुतेक पुरुष. ती मोजली गेली असतील तरी पुरुषांचा आकडा वाढेल आणि स्त्रियांचं प्रमाण उतरेल. तुमच्या बायका कुठे गेल्याच नसतील. हा आक्षेप खरोखर दमदार आहे. दुसरा म्हणेल, बिऱ्हाड हललं ते रेल्वेने नाही. जानेवारी १९८२च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, गावकीच्या खोल्या सुटल्या, लोक नालासोपारा-विरारला, दिव्याला स्वतःच्या घरात गेले. घर झालं म्हणून बायको-पोरं गेली. रेल्वे नसती तरी गेली असती.

आक्षेप ऐकून मुलं हिरमुसतात. उलट इथेच प्रबंध सुरू होतो, कारण आता काय वाचायचं ते कळलं. पहिल्या आक्षेपासाठी वयोगटांचे तक्ते बघावे लागतील. ते जनगणनेच्या ‘सी’ मालिकेत असतात, स्थलांतराचे ‘डी’ मालिकेत. वीस ते चाळीस वयाच्या बायका घटल्यात का? सहा वर्षांखालची मुलं त्यांच्याबरोबर घटलीत का? आई आणि लेकरं एकदम कमी झाली असतील, तर नुसत्या बाहेरून आलेल्या पुरुषांनी ते होत नाही. दुसऱ्या आक्षेपासाठी तुलना हवी, आणि ती करायची सोय आपल्याकडे आयती आहे. रेल्वेमार्ग खेड, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, राजापूर या तालुक्यांतून जातो. मंडणगड, दापोली, गुहागर त्याच्या बाहेर राहिले. सिंधुदुर्गात कणकवली, कुडाळ, सावंतवाडीला स्टेशन, देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला नाही. जनगणनेत गावनिहाय आकडेही मिळतात. दोन्ही बाजूंचे रकाने शेजारी शेजारी मांडा. फरक निघाला तर रेल्वेचा हात असल्याची शक्यता वाढते. नाही निघाला तर विधानातून रेल्वे काढून टाका आणि गिरण्या-घरांकडे वळा. दोन्हीकडून तुमच्या हातात काहीतरी येतं. फक्त हे विसरू नका की रेल्वेचे तालुके आधीपासूनच वेगळे आहेत: चिपळूण आणि रत्नागिरी ही शहरं तिथेच, लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत खेड तालुक्यात. म्हणून अख्ख्या तालुक्याची तुलना भोंगळ होईल. गावं निवडा.

इथवर आल्यावर एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, ‘‘मॅडम, तीनच गावं घेतली तर साठ पानं भरायची कशी?’’

‘‘अगं, एका वाडीची साठ पानं होतात. तू शाळेचं जनरल रजिस्टर बघितलंयस का कधी?’’

बघितलं नव्हतं. कोणीच बघत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रत्येक मुलाची नोंद त्यात असते: दाखल तारीख, जन्मतारीख, आणि शेवटी शाळा सोडल्याची तारीख नि कारण. चौथी-सातवी पूर्ण होऊन गेलेली मुलं सोडून द्या. दुसरीत, तिसरीत, वर्षाच्या मधेच ज्यांचा दाखला गेला, ती बघा. मधेच दुसरीतलं पोर शाळा सोडून मुंबईला एकटं जात नाही. त्याच्यामागे आई गेलेली असते, म्हणजे चूल गेलेली असते. जनगणना दहा वर्षांनी एक आकडा देते. हे रजिस्टर वर्षावर्षाचं सांगतं. १९९०पासून पुढची पानं उलटून, मधेच गेलेल्या मुलांची वर्षवार यादी केली की तुमचं म्हणणं टिकतं की पडतं ते डोळ्यांसमोर येतं. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, मुलांची नावं उतरवून घेऊ नका, नुसती वर्षं, इयत्ता आणि कारण. आणि पावसाळ्याआधी जा. जुन्या रजिस्टरांची पानं दमट हवेत एकमेकांना चिकटतात, मग गुरुजी हात लावू देत नाहीत.

या सगळ्यानंतर विधान असं होईल: ‘संगमेश्वर तालुक्यातल्या अमुक तीन गावांत १९९० ते २०१० दरम्यान मुंबईला जाणं पुरुषाचं न राहता कुटुंबाचं झालं, या बदलात रेल्वेपेक्षा मुंबईत मिळालेल्या स्वतःच्या घराचा वाटा मोठा दिसतो.’ किंवा नेमकं उलटं. पुरावा नेईल तिकडे. पहिल्या वाक्यात ‘विकासाला गती’ होती, ती आता शोधून सापडणार नाही.

विषय वेगळा असेल तर

इतिहासवाल्यांना हेच काम तारखांच्या मधल्या रिकाम्या जागेत करता येतं. खोती घ्या, म्हणजे खोताने कुळांकडून वसुली करण्याची कोकणातली जुनी जमीन-पद्धत. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. खोती नष्ट करणारा कायदा झाला १९४९ मध्ये. प्रबंधात या तारखा एकाखाली एक येतात आणि पुढच्या मुद्द्याकडे जातात. अहो, मधली बारा वर्षं? विधेयक आणि कायदा यांत काय बदललं, कोणाचं वजन कमी झालं, कुळाला १९४९ मध्ये जे मिळालं ते १९३७ मध्ये मागितलं होतं तेच का? दोन मसुदे शेजारी ठेवून कलमं ताडून बघितली तरी लघुप्रबंधापुरतं म्हणणं निघतं. अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३पासून वर्षानुवर्षं चाललेला शेतकऱ्यांचा संप याच काळातला. तिथले शेतकरी नांगर खाली ठेवू शकले, मग रत्नागिरीच्या कुळांनी तसं केलं का, आणि नसेल तर का नाही, हाही एक उभा प्रश्न आहे.

मासेमारीवर लिहिणाऱ्यांना एकच सांगते. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्था दरवर्षी जे आकडे देते ते किनाऱ्यावर उतरवलेल्या मासळीचे असतात. ती कुठे पकडली, हे त्यावरून कळत नाही. ‘रत्नागिरीच्या समुद्रातली मासळी घटली’ आणि ‘रत्नागिरीच्या बंदरांवर उतरलेली मासळी घटली’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि पर्ससीन (मोठी घेर घालणारी जाळी वापरणारे यांत्रिक बोटवाले) विरुद्ध पारंपरिक या वादात दोन्ही बाजू सोयीने एकाच्या जागी दुसरं वापरतात. ते कोण, कुठे, कसं वापरतं हाच विषय करा ना!

दशावतारावर ‘एक लोककला’ म्हणून लिहू नका. तो लोककला आहे हे वेंगुर्ल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आख्यानाची संहिता नसते, संवाद नट तिथल्या तिथे रचतात. मग यंत्राने चमत्कार दाखवणाऱ्या ‘ट्रिकसीन’वाल्या नाटकांत, जिथे यंत्राची वेळ ठरलेली असते, तिथे नटाच्या या मोकळ्या बोलण्याचं काय होतं? एकाच मंडळाचे दोन प्रयोग रेकॉर्ड करून तुलना करायला फार साधनं लागत नाहीत. जत्रेच्या हंगामात रात्र जागायची तयारी हवी, एवढंच.

‘शीर्षक विद्यापीठाकडे गेलंय, आता बदलत नाही’

ही तक्रार खरी असते. शीर्षक राहू द्या. ‘व्याप्ती आणि मर्यादा’ हे जे पान सगळे माफीनाम्यासारखं लिहितात (‘वेळेअभावी संशोधन मर्यादित आहे’), ते कामाला लावा. ‘कोकण रेल्वे आणि कोकणचा विकास’ या शीर्षकाखाली तुम्ही सरळ लिहू शकता: इथे विकास म्हणजे गावात राहता येणं, असं धरलं आहे; तालुका अमुक, काळ अमुक, गावं तीन; मालवाहतूक आणि पर्यटन यांचा विचार केलेला नाही. शीर्षक मोठं, काम नेमकं. गाईडना हे आधी दाखवा; बहुतेकांना बरंच वाटतं.

वाचन आणि पूर्वसंशोधनाचा आढावा

यावर फार वेळ घालवत नाही. ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आपल्या विषयाचे पीएच.डी. प्रबंध असतात, निष्कर्षाचं प्रकरण आधी वाचा आणि तिथे लेखकाचं म्हणणं आहे की नुसतं सार, हे स्वतःच ओळखा. ही सवय लागली की आपल्या फाइलचं दुखणंही दिसायला लागतं. १८८०चं रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर आणि १९६२ची सुधारित आवृत्ती शेजारी शेजारी वाचा. दोन्हींत बाहेर जाणाऱ्या माणसांविषयी काय लिहिलंय आणि कोणत्या सुरात, ते बघा. रत्नागिरीत राहत असाल तर जिल्हा नगर वाचनालयात जा. १८२८ची संस्था आहे, आणि मुलं तिथे फक्त स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला जातात याचं मला वाईट वाटतं.

आढावा लिहिताना ‘अमुक यांनी असे म्हटले आहे, तमुक यांनी असे म्हटले आहे’ ही रांग लावू नका. कोण कोणाशी सहमत, कोण विरुद्ध, आणि तुमचा प्रश्न त्यांच्या मधे कुठे बसतो, एवढं सांगा. ज्याचा तुमच्या प्रश्नाशी संबंध नाही ते पुस्तक कितीही जाडजूड असो, सूचीतून काढा. जाळ्यात आलेलं सगळंच कोणी लिलावाला नेत नाही.

चॅटजीपीटीविषयी विचारलं जातंच. त्याला ‘कोकणातील पर्यटन’ असा विषय द्या, तो ‘स्वरूप, समस्या आणि उपाय’ छापाचा मजकूर देतो. म्हणजे जो बिघाड काढायचाय तोच सुबक भाषेत. वर संदर्भही देतो, त्यातले काही अस्तित्वात नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे २०१८चे नियम दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ करतात आणि ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्यायला लावतात. त्या भीतीने मुलं वाक्यं फिरवत बसतात, ‘महत्त्वपूर्ण’च्या जागी ‘महत्त्वाचे’ करतात. शाळेच्या रजिस्टरातून स्वतः काढलेल्या यादीचं साम्य जगात कशाशीही येत नाही.

लिहिताना

विधान प्रस्तावनेतच सांगा. शेवटी उलगडायला ही रहस्यकथा नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पानावर, एका वाक्यात, ‘मी असे प्रतिपादन करते की’ असं लिहायला लाजू नका. मुली विशेषतः लाजतात आणि ‘असे दिसून येते’ म्हणून मोकळ्या होतात. कोणाला दिसून येते?

प्रत्येक प्रकरणाचं पहिलं वाक्य त्या विधानाच्या एका भागाबद्दल असू द्या. आक्षेपांसाठी वेगळी जागा ठेवा, आणि आक्षेप त्याच्या पूर्ण जोरानिशी मांडा. नेपाळी कामगारांचा मुद्दा दोन ओळींत उडवून लावलात तर परीक्षक तिथेच बोट ठेवतील. निष्कर्षात आधीच्या प्रकरणांचा गोषवारा देऊ नका. विधान सुरुवातीला जसं होतं तसं राहिलं का, कुठे आकसलं, कुठे बदललं, हे लिहा. आणि ‘शिफारशी’ हे पान आराखड्यात असेल तर एकच द्या, तीही तुमच्या पुराव्यातून आलेली. ‘शासनाने लक्ष द्यावे’ ही शिफारस शासनाने आजवर पुरेशी वाचलेली आहे.

एवढं करूनही शेरा आलाच तर

पूर्ण फाइल पुन्हा देऊ नका. एका कोऱ्या कागदावर विधान लिहा, त्याखाली दोन सर्वांत भक्कम पुरावे आणि एक आक्षेप, ज्याचं उत्तर तुम्हाला अजून नीट देता येत नाही. तो कागद घेऊन गाईडकडे जा आणि ‘बरोबर आहे का?’ असं न विचारता ‘यातला कोणता पुरावा सर, तुम्हाला लंगडा वाटतो?’ असं विचारा. ते ज्यावर बोट ठेवतील, त्या प्रकरणापासून दुरुस्ती सुरू करा. बाकीची पानं तोवर बंद.